दोन जावांचा आठवडा

कुमुदवहिनी, सोमवारी सकाळी फोन आला आणि पलीकडच्या मुलीने विचारलं, "कुमुद मॅम से बात हो सकती है?" मी म्हटलं, त्या नाहीत. तर म्हणते, "कब तक आएँगी?"

माझे हात कणकेत होते, फोन खांद्याला लावलेला. 'आता नाही यायच्या' हे हिंदीत कसं सांगायचं ते मला सुचेना. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, रेखा, तुला मराठीत तरी कधी धड सांगता आलंय? शेवटी मी "गुजर गईं" म्हटलं, सिनेमातल्यासारखं. मुलगी "सो सॉरी मॅम" म्हणाली आणि पुढचं सगळं एका दमात सांगितलं. मेंबरशिप दोघींच्या नावावर आहे. पहिलं नाव गेलं, तर दुसऱ्या नावाने शनिवारपर्यंत कळवायचं, चालू ठेवणार की परत करणार. आणि महाबळेश्वरची जी खोली मॅमनी घेऊन ठेवलीय तिचं काय? कुणी आलं नाही तर या वर्षीचा आठवडा वाया जाईल.

वाया जाईल, म्हणाली. तुमचाच शब्द. मी कणीक तशीच ठेवली आणि स्टुलावर बसले.

गेले पंधरा दिवस सगळे तुमच्याबद्दल भूतकाळात बोलतायत. पेपरातल्या चौकोनात तुमचा बँकेच्या ओळखपत्रावरचा फोटो आला. 'सुट्टे नाहीत' म्हणतानाचा चेहरा आहे तो. खाली 'मनमिळाऊ' असं छापलंय. निनादने लिहिलं असणार, मुलाला आईबद्दल एवढी सूट द्यायला हवी. मी ते दोनदा वाचलं आणि अख्ख्या घरात मला एकटीलाच हसू आलं. हसले म्हणून पुन्हा रडू आलं. तुमचं कौतुक करायचं तर मला बाकी पुष्कळ शब्द आहेत, पण मनमिळाऊ? तुमच्याशी जमवून घेता घेता माझी तरुणपणाची वर्षं गेली, वहिनी.

लग्न होऊन मी कसब्यातल्या त्या तीन खोल्यांत आले, त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. मंडईत जायचं म्हणून पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहिले आणि विचारलं, "वहिनी, मी जाऊ?" तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "हो. तू जाऊ. धाकटी. मी थोरली. आता कुठे निघालीस ते सांग." तो विनोद होता हे मला कळलं तेव्हा मी रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या देवळापाशी पोचले होते. तिथे उभी राहून एकटीच हसले. पण परत आल्यावर तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्यासमोर इतक्या लवकर हार मानायची नाही, असं ठरवलं होतं.

हा आठवडा आपल्या घरात कसा आला, हे आता नीट आठवणारी मी एकटीच उरले. बाकीच्यांना वाटतं, कुमुदला कुणीतरी गंडवलं.

बँकेत कॉम्प्युटर आले ते दिवस. तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घेतलीत. ज्या यंत्राला माझी बेरीज तपासायची परवानगी आहे त्याच्याशी माझं जमायचं नाही, असं साहेबांना तोंडावर सांगून आलात. आणि घरी बसल्याला महिना होत नाही तोच कुठल्याशा प्रदर्शनात भरलेल्या कूपनला बक्षीस लागलं. बक्षीस घ्यायला बंडगार्डनच्या हॉटेलात यायचं, थोडी माहिती ऐकायची, आणि यायचं ते जोडप्याने. मोठ्या भाऊजींना कंपनीत पहिली पाळी होती. आमच्या ह्यांना फुकट वस्तू घ्यायचा संकोच. तुम्ही कपाट उघडलंत आणि म्हणालात, "रेखा, साडी बदल."

हॉटेलच्या दारात टायवाला मुलगा उभा होता. आपल्यामागे कुणी सर येतायत का ते बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, ही ऑफर फक्त कपल्ससाठी आहे."

तुम्ही खुर्ची ओढून बसलात. "आम्ही दोघी पंधरा वर्षं एका ओट्यापाशी उभ्या राहतोय. तुझ्या या टेबलांवरच्या जोडप्यांपैकी कुणी पंधरा मिनिटं तरी राहिलंय का, विचारून ये."

तो विचारायला गेला नाही. त्याने पाणी मागवलं. मग डोंगर, तळी, गादीवर उड्या मारणारी गोरी पोरं असे फोटो दाखवले. दरवर्षी सात दिवस, पंचवीस वर्षं, आपल्या मालकीचा आठवडा. खोली घरासारखी, आत छोटं स्वयंपाकघरसुद्धा आहे म्हणाला. त्यावर तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की त्याने ते पान घाईने उलटलं. मी बक्षिसाच्या कॅसरोलच्या खोक्यावर डोळा ठेवून होते. ते हातात पडलं की निघायचं, असंच आपलं ठरलं होतं ना? आणि तुम्ही पर्समधून चेकबुक काढलंत. मी टेबलाखालून तुमचा पदर ओढला. तुम्ही तो सोडवून घेतलात आणि सही केलीत.

दुसरं नाव माझं घातलंत. नातं काय, त्याने विचारलं, आणि आपण काही सांगायच्या आत 'सिस्टर' लिहून टाकलं. मी म्हटलं, अहो, बहिणी नाही, जावा आहोत. तुम्ही मला थांबवलंत. "लिहू दे त्याला. बहिणी भांडून सुटतात तरी. आपलं काय ते त्याला कुठे समजावत बसतेस."

घरी भाऊजींनी पहिला प्रश्न केला, "आणि आमचं जेवण?" आता तुम्ही रडाल किंवा भांडाल असं मला वाटलं. तुम्ही चपला जागेवर ठेवल्यात आणि शांतपणे म्हणालात, "पैसे भरलेत. नाही गेलो तर वाया जातील." ज्या घरात शिळ्या पोळीचा चिवडा करतात, साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवतात, तिथे 'वाया जाईल' याच्यापुढे कुणाची काय टाप आहे बोलायची?

नंतर गच्चीवर वाळवण काढताना तुम्ही मला ते उलगडून सांगितलंत. आपल्याला कुणी अडवत नाही गं, म्हणालात. पण निघायचं म्हटलं की कारण द्यावं लागतं. डोहाळजेवण, बारसं, कुणाचं दुखणं. कारण नसताना निघालेली बाई आपल्याकडे चांगली दिसत नाही. मी पंचवीस वर्षांची कारणं एकदम विकत घेतली, असं म्हणून तुम्ही पापड मोजायला लागलात.

पहिल्या वर्षी स्वारगेटवरून महाबळेश्वरची एसटी पकडली. वाईपर्यंत आपण एकमेकींशी बोललो नाही, कारण माझ्या पिशवीत कुकर आहे हे तुम्हाला स्टँडवरच कळलं होतं. छोटा, दोन माणसांचा. पोचल्यावर रिसॉर्टात पोह्यांचा जो भाव लावला होता तो बघून मी म्हटलं, यांच्या पोह्यांत केशर असणार. तुम्ही म्हणालात, "मी ओटा सोडून आलेय. दुसरा मांडायला नाही आले." मी म्हटलं, तुम्ही बसा, मी करते. "तू केलंस तरी वास येणारच. तो कुकर बाहेर काढलास तर मी परतीची गाडी पकडेन."

मी कुकर काढला. तुम्ही परतीची गाडी पकडली नाहीत, बाल्कनीत जाऊन दार लावून घेतलंत. तिसरी शिटी झाली तेव्हा शेजारच्या खोलीतला मारवाडी गृहस्थ काय झालं म्हणून बघायला आला. त्याच्यासमोर तुम्ही मला ओळख दाखवली नाहीत. भात मात्र जेवलात. मेतकूट मागून घेतलंत.

तेव्हापासून दरवर्षी ते भांडण ठरलेलं. कुठेही गेलो तरी कुकर माझ्या पिशवीत, आणि तुमचं तोंड बाल्कनीकडे. तुम्हाला वाटायचं, रेखा चिक्कू आहे, चार घास विकत घ्यायला हिचा जीव जातो. मी ते तसंच राहू दिलं. खरं काय ते आज सांगते, आता तुम्हाला उलट बोलता यायचं नाही म्हणून.

मला स्वयंपाकाचा कंटाळा कधीच नव्हता, वहिनी. मला विचारून करायचा कंटाळा होता. माझं माहेर सोलापूरचं. आमच्याकडे आमटीत गूळ घातला तर घरात कुणी आजारी आहे का विचारतात. कसब्यात मी गूळ घातला, रोज, तुमच्या मापाने. भाजी कुठली, फोडणीत काय, वाटण किती, सगळं तुम्हाला विचारून. तुम्ही वाईट वागलात असं नाही. तुम्हीसुद्धा कुणालातरी विचारूनच शिकला होतात. पण त्या रिसॉर्टातल्या दीड हाताच्या ओट्यावर मी पहिल्यांदा कुणाला न विचारता आमटी केली, बिनगुळाची, तिखटजाळ, वर शेंगदाण्याची चटणी. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही नाक पुसलंत आणि म्हणालात, "वाईट नाहीये."

तुमच्याकडून याहून मोठी पदवी कुणाला मिळाल्याचं मला माहीत नाही. तुम्ही ओट्यापासून सुटायला यायचात आणि मी ओटा मिळवायला. एकाच खोलीत दोघींचं भागायचं. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी तुम्ही आमटीत लक्ष घातलं असतंत, याची खात्री होती मला.

मग निनाद हिंजवडीत लागला, बाणेरला फ्लॅट घेतला आणि तुम्हाला तिकडे घेऊन गेला. तुम्ही जाताना पाटा-वरवंटा मला दिलात आणि मी रडेन म्हणून जिन्यात थांबला नाहीत. बाणेर म्हणजे काही लांब नाही, सगळे म्हणाले. पण कसब्याच्या बाईला बाणेर म्हणजे परगावच. फोनवर आपण दोघी फार नम्र झालो. 'कशा आहात', 'बरी आहे', 'ये एकदा'. मला त्या नम्रपणाचा वीट यायचा. वर्षातून एक आठवडा आपण परत एका छपराखाली यायचो, तुम्ही ओले पंचे खुर्चीवर टाकायचात, मी चिडायचे आणि जिवाला बरं वाटायचं.

आणि तरी मी म्हणत होते, परत करून टाकू या. ते अजूनही म्हणते. माझं म्हणणं चूक नव्हतं. मे महिन्यात खोली मिळत नाही, दिवाळीत मिळत नाही, देखभालीचे पैसे मात्र बरोबर आठवण ठेवून मागतात. दोन वर्षांआड कुणीतरी गोड बोलून आणखी मोठी मेंबरशिप गळ्यात मारायला बघतो. आता निनादची पिढी चहा पिता पिता फोनवर हॉटेल घेते. कशाला हवंय हे पंचवीस वर्षांचं लोढणं? तुमचं उत्तर ठरलेलं. "हॉटेल घ्यायला कारण लागतं."

शेवटचं बोलणंही त्यावरच झालं. तुमचा फोन आला. "रेखा, तळ्याच्या बाजूची खोली मिळाली. थंडीतली." इतका आनंद तुमच्या आवाजात मी निनादच्या नोकरीच्या वेळीही ऐकला नव्हता. आणि मी म्हटलं, बरं झालं, पण हे शेवटचं हं वहिनी, माझे गुडघे आता घाट मानत नाहीत. तुम्ही म्हणालात, "मी आहे तोवर नाही. मी गेल्यावर तुला काय करायचं ते कर." मी म्हटलं, "बघा हं, शब्द दिलात." आपण दोघी हसलो. तुम्ही फोन ठेवलात. आठ दिवसांनी दुपारच्या झोपेतून तुम्ही उठलाच नाहीत.

म्हणजे आता मोकळीक आहे. मला काय करायचं ते मी करू शकते. इतक्या वर्षांचा वाद मी जिंकले, आणि समोर कुणी नाही.

बुधवारी निनादने बाणेरला बोलावलं. आम्ही दोघं गेलो. तुमचा फोटो दिवाणखान्यात टीव्हीच्या वर लावलाय, तुम्हाला तो टीव्ही आवडायचा नाही तरी. निनादने कंपनीकडचा कागद आधीच छापून ठेवला होता. पोरगं हुशार आहे, माझ्याच हाताखाली पाढे शिकलंय, आणि गेले पंधरा दिवस रात्रंदिवस धावतंय. त्याच्यावर मला राग काढायचा नव्हता.

"काकू, इथे फक्त तुझी सही. सरेंडर करून टाकू. इट्स अ डेड इन्व्हेस्टमेंट, ऑनेस्टली. आईला पण मी कितीदा सांगितलं होतं."

"मी पण सांगितलं होतं," मी म्हटलं.

"मग झालं तर!"

पेन हातात घेतलं तेवढ्यात तोंडून निघून गेलं, "पण महाबळेश्वरची खोली घेतलेली आहे. वाया जाईल."

मला वाटलं, झालं. तुमची किल्ली लागली. आता सगळे गप्प बसतील, मी आठवडाभर जाऊन येईन, मग सही करेन. पण निनाद म्हणाला, "नाही नाही, ते मी बघितलंय. वाया नाही जाणार. बाबा जातील."

मोठे भाऊजी खिडकीशी बसले होते. तिकडूनच म्हणाले, "मी जाऊन येतो म्हणतो. एकदा बघतो तरी."

कंपनीतली पाळी, पेपर, पोळी गरम हवी, एवढ्यात तुमचा सगळा संसार बसवणारे हे गृहस्थ, ज्यांनी त्या आठवड्याला आयुष्यभर 'बायकांचं हुंदडणं' म्हटलं, ते आता त्या खोलीत जाऊन बसणार. खिडकी उघडणार, चहा मागणार. उरलंसुरलं तेवढंच आपल्या दोघींचं होतं, तेही घरातलं होऊन जाणार. आणि मला बोलायला जागा नव्हती. गेलेल्या बायकोच्या आठवणीने नवरा निघालाय, त्याला कोण अडवणार? आमचे हे जमिनीकडे बघत होते. अशा वेळी ह्यांना फरशीत फार रस वाटतो.

"काय करायची ती तिथे?" भाऊजींनी विचारलं. मलाच विचारलं.

"झोपायच्या," मी म्हटलं. "दुपारी जेवून झोपायच्या. संध्याकाळपर्यंत."

"झोपायला महाबळेश्वर?"

"घरी झोपता येत नव्हतं."

"घरी कुणी अडवलं होतं?"

निनादची बायको कप उचलत होती, ती कप हातात धरून तशीच थांबली. भाऊजींचा चेहरा लालबुंद झाला होता, पण रागाने नव्हे, ते मला दिसत होतं. एका क्षणात मला त्यांची इतकी दया आली की मी 'जा तुम्ही' म्हणणारच होते. जिभेवर होतं.

पण वहिनी, त्याऐवजी मी कारण शोधलं. खरंच शोधलं. गुडघ्यांना हवापालट हवाय म्हणू का? कंपनीला दुसरं नावच चालतं असं ठोकून देऊ का? एकही धड मिळेना. 'वाया जाईल' तर निनादने आधीच काढून घेतलं होतं. तेव्हा मी जे बोलले ते माझ्या जन्मात मी कधी बोलले नव्हते, माहेरी नाही, सासरी नाही, तुमच्याशीही नाही.

"मला जायचंय," मी म्हटलं. "एकटीला."

"अगं पण का?" ह्यांनी विचारलं, फरशीवरून मान वर करून.

"का-बिका काही नाही. जायचंय."

निनाद म्हणाला, "काकू, लोक काय म्हणतील, आईला जाऊन महिना नाही झाला." अमेरिकेच्या वेळेत काम करणारा हा मुलगा, पण तोंडात शेवटी कसबाच आला. मी म्हटलं, म्हणू देत. आणि भाऊजींकडे बघून सांगितलं, "भाऊजी, तुम्ही पुढच्या वेळी जा, निनादला घेऊन जा, कुठेही जा. ही खोली त्यांनी आमच्या दोघींसाठी घेतली होती." या घरात आल्यापासून मी त्यांना कशाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. मी सही न करता उठले. लिफ्टमध्ये ह्यांनी विचारलं, "मी पण नको?" मी म्हटलं, तुम्ही पण नको. जरा वेळाने म्हणाले, "मग माझं जेवण?" आणि स्वतःच इतके ओशाळले की मला हसू आवरेना.

दोन दिवस बाणेरहून फोन नाही. मी वरवर कामं करत होते, पण घास उतरत नव्हता. तुम्ही गेलात, आणि वर मी हे घरही तोडून बसले की काय, असं सारखं वाटायचं. एका आठवड्यासाठी! तुम्ही असतात तर मलाच झापलं असतंत. की नसतंत?

शुक्रवारी दुपारी दार वाजलं. मोठे भाऊजी. बाणेरहून दोन बस बदलून आले होते, उन्हाने चेहरा सुकला होता. पाणी प्यायले. सोफ्यावर न बसता मोरीजवळच्या जुन्या खुर्चीवर बसले, पूर्वी बसायचे तिथेच. पिशवीतून तुमची ती मरून कानटोपी काढली आणि टेबलावर ठेवली. धुतलेली. स्वतःच धुतली असणार, कारण पिळून पिळून तिचा आकार गेलाय.

"तिकडे सकाळी थंडी असते म्हणायची," म्हणाले.

मी आत चहाला वळले, तर मागून आवाज आला, "आता घरात कुणी नसतं दुपारी. तरी मी पेपरसुद्धा आवाज न करता उलटतो." मी मागे बघितलं नाही. ते रडत होते आणि त्यांना मी बघायला नको होतं. चहात आलं जास्त पडलं. ते तसाच प्यायले आणि जाताना जिन्यातून म्हणाले, "कंपनीला कळव. शनिवार उद्या आहे."

मग मी त्या मुलीला फोन केला. मेंबरशिप चालू ठेवायची म्हटलं. पुढच्या वर्षी काय ते पुढच्या वर्षी बघू. तुमचा विजय झाला असं समजू नका, देखभालीच्या पैशांबद्दल मी भांडणारच आहे. मुलगी कॉम्प्युटरवर काहीतरी बघत म्हणाली, "आप उनकी सिस्टर हैं ना?"

"नहीं," मी म्हटलं. "वो मेरी जाऊ थी."

"जी मॅम?"

"जाऊ. मैं उनकी जाऊ."

"कहाँ जाऊँ, मॅम?"

वहिनी, मला हसू फुटलं ते थांबेना. फोन हातात धरून मी ओट्याला टेकले आणि खदाखदा हसले. ह्यांनी धावत येऊन विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना. हे सांगावं असं माणूस एकच होतं. मग हसता हसता जे सुरू झालं ते बराच वेळ चाललं. तुम्ही गेल्याच्या दिवशी मी इतकी रडले नव्हते. ती बिचारी पलीकडून "मॅम, मॅम" करत होती. शेवटी दबकत म्हणाली, "सिस्टर ही रहने दूँ?"

"राहू दे," मी म्हटलं. तिला ते कळलं.

आज सकाळची स्वारगेटची गाडी आहे. ह्यांना दोन दिवसांच्या पोळ्या करून ठेवल्यात, पुढे त्यांचं ते बघतील. खालच्या जोशीकाकूंनी जिन्यात विचारलंच, कुठे निघालात, काही कार्य आहे का? नाही म्हटलं, सहज. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मीही त्यांना न्याहाळू दिलं.

पिशवी भरून झालीय. वर तुमची कानटोपी ठेवलीय, तिला तुमचा वास नाही, नुसता साबणाचा येतो. तळाशी मेतकूट, तूप, चटणी. आणि कुकर आहे, वहिनी. छोटा, दोन माणसांचा. मुद्दाम सांगतेय, लपवलेला नाही. तुमची अडवायची सवय माहीत आहे मला, म्हणून मघापासून पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी आहे.

मी जाऊ?